रोज सकाळी पाठ टेकणारे पैलवान

श्री. शमुवेल रावजी साळवे यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी मी लेख लिहावा, असे समितीकडून कळले तेव्हा मी प्रकृतीचे निमित्त सांगून नकार दिला होता. प्रकृती माझी ठणठणीत आहे. खरे कारण असे की, ज्यांचे नाव आमच्या घरात पंचवीस वर्षे कोणी उच्चारत नव्हते, त्यांचा गौरव मी कोणत्या तोंडाने करायचा, हे मला कळत नव्हते. शिवाय मी ख्रिस्ती नाही. घरात खंडोबाचा टाक आहे आणि रविवारी सकाळी मी चर्चमध्ये नव्हे, कांद्याच्या वाफ्यात असतो. परंतु समितीच्या बाई माझ्यापेक्षा हुशार निघाल्या. त्या म्हणाल्या, "सर, काकांनी स्वतःच तुमचं नाव सुचवलंय. आणि निरोप दिलाय, काही झाकू नका म्हणावं." सत्कारमूर्तीनेच अशी मुभा दिल्यावर माघार घेता येईना. म्हणून लिहितो आहे, आणि न झाकता लिहितो आहे.

शमुवेलकाकांची माझी पहिली भेट जेवणाच्या पंगतीत झाली. राहात्याजवळच्या एका मिशनच्या शाळेत मी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो तो पहिला दिवस. नव्या शिक्षकाने पहिल्या दिवशी वसतिगृहात मुलांबरोबर जेवायचे, अशी तिथली रीत होती. वसतिगृहाचे स्वयंपाकी, एक आडदांड गृहस्थ, भाकरीची थाळी घेऊन वाढत येत होते. चेहऱ्याच्या आधी मला त्यांचे कान दिसले. तालमीच्या मातीत घासून घासून गड्डा झालेले असे कान पैलवानाशिवाय कोणाचे नसतात.

"सर, गाव कोनतं?" त्यांनी विचारले.

पाथर्डीच्या पूर्वेकडच्या आमच्या गावाचे नाव मी सांगितले. भाकरी त्यांच्या हातातच राहिली.

"बाळू पैलवानाचं गाव," ते हळू आवाजात म्हणाले.

"मी त्यांचा धाकटा भाऊ," मी म्हणालो, आणि तेवढ्यात मला कळून चुकले की आपल्यापुढे उभे आहेत ते कोण.

त्यांनी भाकरी माझ्या ताटात दोन्ही हातांनी ठेवली. मी उठलो, डबा आणला आहे असे सांगितले आणि बाहेर पडलो. डबा बिबा काही नव्हता. त्या दिवशी मी उपाशी राहिलो, आणि मोठ्या अभिमानाने उपाशी राहिलो.

यामागची हकीकत सांगायला थोडे मागे जावे लागेल. आमचे थोरले बंधू बाळासाहेब, ज्यांना मी दादा म्हणतो, ते तरुणपणी पाथर्डी-शेवगाव भागातले नावाजलेले मल्ल होते. शमुवेलकाका राहात्याकडचे. जत्रेत पुकारा करणाऱ्याच्या तोंडात 'शमुवेल' बसेना, म्हणून त्याने कधीतरी 'शाम पैलवान' करून टाकले आणि तेच नाव जिल्हाभर झाले. घर पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती, पण पैलवान नाताळखेरीज चर्चकडे फिरकत नसत. 'पाठ न टेकलेला गडी' एवढीच त्यांची ओळख होती आणि तेवढी त्यांना पुरत होती.

आमच्या गावच्या चैत्रातल्या जत्रेत या दोघांची शेवटची, मानाची कुस्ती लागली. दादांनी त्यांना उचलून खाली आणले. पाठ टेकली, असे दादांचे म्हणणे. पंच त्या क्षणी मैदानात घुसणारी गर्दी मागे रेटत होते, त्यांना काही दिसले नाही. दादा मात्र आपण जिंकलो असे समजून हात सोडून उभे राहिले. तोच शाम पैलवानांची त्यांच्या उजव्या हातावर झडप पडली, त्यांना आडवे केले गेले आणि खांदा निखळला तो कायमचा. त्यानंतर दादांचा उजवा हात डोक्याच्या वर कधी गेला नाही. कुस्ती सुटली आणि निकालही विरुद्ध लागला. "त्याची पाठ आदी टेकली हुती," असे दादा सांगत राहिले आणि लोक "व्हय व्हय" म्हणून मान हलवत राहिले. हरलेल्या पैलवानाकडे सबबींना तोटा नसतो, असे तेच लोक पाठीमागे म्हणत. लिहायला लाज वाटते, पण कळता झाल्यावर मनातून मीही तेच म्हणत होतो.

आता अशा माणसाबरोबर एका शाळेत नोकरी करायची म्हणजे काय, याची कल्पना वाचकांना यावी. चार-पाच महिने मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. ते मात्र रोज दुपारी माझ्या टेबलावर ताकाचा तांब्या ठेवून जात. मी त्याला हात लावत नसे. शेजारचे गणिताचे शिक्षक तो रिकामा करत, आणि त्यांची तब्येत त्या वर्षी चांगलीच सुधारली.

मग वसतिगृहात मुक्कामाला राहायची पाळी माझ्यावर आली. सकाळी उजाडता उजाडता मी हौदाकडे निघालो तर स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात शमुवेलकाका उताणे पडलेले. हात दोन्हीकडे पसरलेले, डोळे मिटलेले, डावा तळहात उघडा आणि उजवी मूठ घट्ट आवळलेली. माणसाला काहीतरी झाले असे वाटून मी "काका!" अशी हाक मारत धावलो. त्यांना काका म्हणण्याची माझी ती पहिली वेळ, आणि तीही घाबरून.

त्यांनी एक डोळा उघडला. "काय न्हाई, सर. पाठ टेकतोय."

"म्हणजे?"

"म्हंजी प्रार्थना. तुमी हात जोडता, आमची मंडळी गुडघं टेकत्यात. मला पाठ टेकल्याबिगर जमत न्हाई."

मी तिथेच हौदाच्या कट्ट्यावर बसलो. मराठीच्या शिक्षकाला शब्दाचे कुतूहल फार, वैराच्या वरताण. उठून पाठीची माती झटकत त्यांनी जे सांगितले, ते असे. दादांशी झालेल्या कुस्तीनंतर पाच-सहा वर्षांनी, बाजारात कोणाशी तरी पैज लावून, ज्वारीची दोन पोती एकदम उचलायला गेले आणि कमरेत असा आवाज झाला की जागेवर बसले. मिशनच्या दवाखान्यात त्यांना फळीवर उताणे निजवले, तीन महिने. तिथे एक वयस्क परिचारिका होत्या, त्यांना सगळे आक्का म्हणत. पैलवान पडून असत, पण कोपरांवर अंग तोलून. पाठ म्हणून फळीला लागू देत नसत.

"एक दिवस आक्का मला म्हनली, 'पैलवान, तुमी पडून हायसा, पन टेकला न्हाईसा. पडनं येगळं आन टेकनं येगळं. पाडतो तो दुसरा, टेकतो तो आपुन. ज्यानं ही पाठ केली त्याच्या हातात एकदा सोडून तर बघा.' सर, मला लई राग आला. एवढ्या जत्रा मारल्या आन ही बाई मला पाठ टेक म्हन्ती! राग करून करून थकलो आन टेकली. तवा लहान पोरावानी रडलो मी. प्रभूचं नाव जल्मापासून ऐकत हुतो, पन त्याच्या हातावर अंग सोडलं त्ये त्या दिवशी."

"मग एकदा सोडलं की झालं ना? रोज कशाला?"

ते हसले. "पैलवानाचं अंग हाय, सर. रातभर निजलं की सकाळी परत ताठ हुतं. कालची टेकलेली आज चालत न्हाई. मी रोज म्हन्तो, देवा, ही पाठ टेकली, आज मी माझा न्हाई, आता तू उठव. आन पडून ऱ्हातो."

"आणि त्यानं उठवलं, हे कसं कळतं?"

"भाकरीची येळ झाली की उठवतोच की. पोरं थांबत्यात का?"

मला हसू आले, आणि हसू आले याचा रागही आला. पण त्या दिवशीचे ताक मी प्यालो. गणिताचे शिक्षक रुसले.

त्यानंतर मी त्यांच्यावर पाळतच ठेवली म्हणा ना. ढोंग असेल तर उघडे पाडायचे, हा माझा अंतस्थ हेतू. आमच्या वसतिगृहात पाथर्डीकडची ऊसतोड कामगारांची मुले असत, काही राजूरच्या वरच्या डोंगरी वाड्यांतली. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कारखान्याकडे निघून गेले की पहिल्या संध्याकाळी सगळ्या खोल्यांतून मुसमुसणे ऐकू येई. त्या संध्याकाळी शमुवेलकाका अंगणात माती भुसभुशीत करत, शड्डू ठोकत आणि "कोन येतो?" म्हणून आव्हान देत. आधी एखादे धीट पोर येई. काका खूप झुंजल्याचे नाटक करत आणि दाणकन पडत. मग दुसरे, मग तिसरे. तिसरीतली पोरे त्यांच्या छातीवर बसून आरोळ्या ठोकत. जेवणाची घंटा होईपर्यंत अख्खे वसतिगृह विजयी झालेले असे आणि रडायचे कोणाच्या लक्षात राहत नसे. ज्या माणसाने चीत व्हायचे नाही म्हणून आमच्या दादांचा खांदा काढला, तो माणूस पोरांकडून रात्रीच्या जेवणाआधी तीस वेळा चीत होत होता. हे ढोंग असेल तर फारच मेहनतीचे ढोंग होते.

त्यांच्या स्वभावातली आग मात्र पार विझली होती, असे कोणी समजू नये. एकदा धान्य पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने किडकी ज्वारी पाठवली आणि वर म्हणाला, "पोरं कुनाची, तर ऊसतोड्यांची. चालतंय की." पुढच्या क्षणाला त्या गृहस्थाचे पाय जमिनीपासून वीतभर वर होते. गळपट्टी काकांच्या मुठीत. मी आणि मुख्याध्यापक जागीच थिजलो. काकांनी त्याला तसेच धरून काही वेळ पाहिले, मग खाली ठेवले, त्याचा सदरा नीट केला आणि स्वयंपाकघरामागे गेले. मी मागोमाग गेलो. भर दुपारी, तापलेल्या मातीवर ते उताणे पडले होते.

"सकाळची संपली, सर," ते डोळे मिटूनच म्हणाले. "दुपारची लागली."

थोड्या वेळाने आले, व्यापाऱ्यापुढे हात जोडून म्हणाले, "अंगाला हात लावला, माझं चुकलं. माफी करा. पन जवारी परत न्या." माफी मागितली म्हणून ज्वारी ठेवून घेतली नाही, आणि ज्वारी किडकी होती म्हणून माफी गिळली नाही. मी शाळेत तीसपेक्षा अधिक वर्षे मुलांना नम्रता शिकवली. ती एवढी ताठ असू शकते हे मला त्या दुपारी समजले.

त्यांच्या पत्नी मार्थाकाकू फार थोडे बोलतात. एकदा मी त्यांना विचारले, पैलवानांमध्ये खरेच फरक पडला का? त्या म्हणाल्या, "आदी ह्यांच्या पायतानाचा आवाज आला की मी भिंतीकडं सरकायची. आता आवाज आला की च्या ठिवते." या वाक्यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. त्यात भर घालण्यासारखे मला काही सुचलेले नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या सहवासाला सातवे वर्ष चालू होते. ख्रिस्ती मंडळींचा उपवासकाळ होता आणि वसतिगृहाच्या प्रार्थनेत काकांनी साक्ष दिली. आपले सर्व काही प्रभूच्या स्वाधीन केले आहे, असे ते म्हणाले. मी मागे दाराशी उभा होतो. त्याच आठवड्यात मी गावी जाऊन आलो होतो. एसटीच्या थांब्यावर कोणीतरी दादांची थट्टा केली होती, "पैलवान, सांगा की ती पाठ टेकल्याची गोष्ट!" दरवेळी तावातावाने सांगणारे दादा त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प राहिले होते. आपल्यावर कोणाचाच विश्वास नाही हे त्यांनी बहुधा कबूल करून टाकले होते. ते गप्प राहणे माझ्या मनाला फार लागले होते. त्यामुळे 'सर्व काही' हे शब्द ऐकले आणि माझे डोके फिरले.

प्रार्थनेनंतर काका परातीत पीठ मळत होते. मी आत जाऊन म्हणालो, "देवापुढं रोज पाठ टेकता. त्याला काय, त्याला सगळं ठाऊकच असतं. आमच्या दादापुढं टेकलेली कधी सांगणार?"

खरे सांगतो, मी हे अंधारात दगड भिरकावल्यासारखे बोललो. दादा खरे बोलत होते की खोटे, मला माहीत नव्हते. पण काकांचे हात पिठात थांबले, आणि मला कळले.

ते म्हणाले, "सर, तेवढं सोडून समदं दिलंय त्याला."

"तेवढंच का नाही?"

"त्ये दिलं तर मी कोन ऱ्हाईन?" त्यांनी वर पाहिले. एवढ्या मोठ्या देहाच्या माणसाची नजर इतकी भेदरलेली मी कधी पाहिली नव्हती. "शिक्षान न्हाई, जिमीन न्हाई. जत्रंत कुनी बोट दावून म्हनतो, त्यो बघ पाठ न टेकलेला गडी. तेवढंच माझं हाय. रोज सकाळी समदं अंग सोडतो, सर, आन तेवढी एक चिमूट मुठीत धरून ठिवतो. त्येला काय कळत न्हाई व्हय? कळतंय. पन मूठ उघडत न्हाई."

त्यांच्या त्या आवळलेल्या मुठीचा अर्थ मला तेव्हा लागला. मला वाटले होते, तशी त्यांची सवय असेल.

पुढचे आठ दिवस शमुवेलकाका स्वयंपाकघरामागे गेले नाहीत. भाकऱ्या करपल्या, आमटी खारट झाली, मुलांनी कुरकुर केली. मला अपराधी वाटू लागले. एखाद्याच्या छपराचा आधार काढून घ्यावा आणि मग छप्पर केव्हा पडते ते बघत बसावे, तसे माझे झाले होते. नवव्या दिवशी ते वर्गाच्या दाराशी आले आणि त्यांनी विचारले, "सर, तुमच्या गावची जत्रा कोनत्या वारी?"

त्या वर्षी ते एकटेच आले. राहात्याहून नगर, नगरहून पाथर्डी, तिथून पुढे जीप. मी दादांना काही सांगितले नव्हते. दादा दरवर्षीप्रमाणे मैदानाच्या कडेला, लोकांपासून जरा लांब बसले होते. पुकारा करणाऱ्याने काकांना ओळखले आणि त्याला कोण आनंद झाला. हाताला धरून त्याने त्यांना मध्यभागी नेले, पागोटे बांधले आणि माईकवर गर्जना केली, "जिल्ह्यात ज्याची पाठ कुनी टेकवली न्हाई, असे आपले शाम पैलवान!" हलगी कडाडली, टाळ्या पडल्या. काकांनी माईक मागून घेतला.

"माझं नाव शमुवेल रावजी साळवे," ते म्हणाले. "शाम न्हाई. आन माझी पाठ टेकलीया. ह्याच मातीत टेकलीया. बाळू पैलवानानं टेकवली. दोनी खांदं लागलं हुतं. पंचाला दिसलं न्हाई, पन ज्याची टेकती त्याला कळतं. मला कळलं हुतं. मी गप बसलो. आन त्यो हात सोडून हुभा ऱ्हायला, तवा मी त्याचा खांदा काढला. कुस्ती त्यानं मारली हुती. पंचवीस वर्सं मी त्याचं खाल्लं. ह्ये पागोटं त्याचं हाय."

त्यांनी पागोटे डोक्यावरून उतरवले आणि दोन्ही हातांवर घेऊन उभे राहिले. हलगी थांबली होती. कोणीतरी फिस्सकन हसले. कोणी म्हणाले, "पैलवान खुळावला." मी आयुष्यात व्यासपीठांवर पुष्कळ मोठी माणसे पाहिली आणि त्यांची भाषणे मुलांकडून लिहून घेतली. पण जवळ असलेले एकुलते एक मोठेपण स्वतःच्या हाताने उतरवून ठेवणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. देव नावाची गोष्ट माणसाकडून काय करून घेऊ शकते, याची मला त्या दिवशी भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दादा उठले आणि गर्दीतून वाट काढत घरी निघून गेले.

काका आमच्या घरापर्यंत आले. दादा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. "पंचवीस वर्सं!" ते भिंतीलाच म्हणाले. "आता काय चाटायचंय त्ये खरं?" वहिनींनी काकांना पाणी दिले. ते अंगणात उन्हात उभे राहिले, जीप निघायची वेळ होईपर्यंत. जाताना म्हणाले, "पैलवान, येतो. फुडच्या जत्रंला परत येईन." दादांनी मान वळवली नाही.

त्या संध्याकाळी मी दादांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "दादा, माझाही विश्वास नव्हता."

"ठाव हाय," दादा म्हणाले. "तुझ्या तोंडावर दिसायचं."

काकांना त्या कबुलीची किंमत मोजावी लागली. त्यांच्या तालमीतल्या भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवला गेला. जुने दोस्त रस्त्यात चुकवू लागले. बाजारात पोरे 'पडका पैलवान' म्हणून चिडवत. मी घाबरत घाबरत विचारले, "काका, पस्तावला नाहीत ना?" ते म्हणाले, "सर, मला वाटलं हुतं, त्ये गेल्यावर माझ्यात कायच उरायचं न्हाई. खरंच उरलं न्हाई. आन त्या मोकळ्या जागंत प्रभू येऊन बसला. आता कुनी इचारलं कोन तू, तर मी प्रभूचा गडी म्हन्तो. ह्ये नाव जिंकलेलं न्हाई, त्यामुळं कुनी हरवून न्हेनार न्हाई." पुन्हा एकदा सकाळी हौदाकडे जाताना मी मुद्दाम पाहिले. दोन्ही तळहात उघडे होते. मी पाय न वाजवता परत फिरलो. त्यांना पाहत राहण्याचा मला अधिकार नाही असे वाटले.

दुसऱ्या वर्षीच्या जत्रेला ते पुन्हा आले, पुन्हा अंगणात उभे राहिले आणि पाणी पिऊन गेले. तिसऱ्या वर्षी दादा ओसरीवरून ओरडले, "आत ये की! भाईर उन्हात हुभा ऱ्हाऊन काय गावाला तमाशा दावतोस?" काका आत गेले. दोघे काय बोलले ते मला माहीत नाही. वहिनी सांगतात, अर्धा तास कोणी काहीच बोलले नाही आणि मग दादांनी सुपारी पुढे केली.

तेव्हापासून आजतागायत शमुवेलकाका दोन-तीन महिन्यांनी दोन एसट्या बदलून आमच्या गावी येतात. येताना तेलाची बाटली असते. दादांचा उजवा खांदा ते वस्तादाकडून शिकलेल्या हाताने तासभर चोळतात. दादांचा हात काही वर गेला नाही, पण दादांची कुरकुर पुष्कळ खाली आली. मध्येच दोघांचे भांडण जुंपते, कोणता डाव कसा मारायचा यावरून. वहिनी म्हणतात, या दोन म्हाताऱ्यांना एकदा मातीत सोडाच. आमच्या घरात काकांनी कधी धर्माचा विषय काढला नाही. दादांनी एकदा आपण होऊन विचारले, "तुजा द्येव मला माफ कर म्हनाय लावतोय का?" काका म्हणाले, "न्हाई. त्यानं मला मागाय लावलं. द्यायची का न्हाई, त्ये तुमचं तुमी बगा." माफ केले, हा शब्द त्यांनी आजवर उच्चारलेला नाही. मी धाकटा, मीही कधी विचारले नाही. परंतु तो एकदा उच्चारला जावा, अशी आस माझ्या मनात होती आणि काकांच्याही होती, हे मला माहीत आहे.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी दादांकडे गेलो. दादा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. म्हणालो, "शेवटी शुभेच्छा लिहायच्या असतात. तुमच्या वतीनं काय लिहू?"

दादांनी पानाचा देठ खुडला. मग म्हणाले, "लिही, माझ्या आदी जायचं न्हाई म्हनावं."

"असं कसं लिहू, दादा? गौरवग्रंथ आहे."

"तसंच लिही. मला खांदा कोन देनार? तू हायेस, पोरं हायेत, पन फुडचा उजवा खांदा त्याचा. माझा न्हेलाय त्यानं. त्यालाच द्यावा लागंल. दुसऱ्या कुनाला मी तिथं हुभा करनार न्हाई."

शमुवेलकाका, हा निरोप मी एका अक्षराचाही फेरफार न करता आपल्यापर्यंत पोहोचवतो आहे. आमच्या घराण्यात माणसे लवकर जात नाहीत. वडील नव्वदी ओलांडून गेले आणि दादा अजून दोन वेळा भरपेट भाकरी खातात. खांदा द्यायचा तर नुसते आयुष्य पुरत नाही, कंबर आणि गुडघेही धड लागतात. म्हणून आपल्याला उदंड आयुष्य आणि धडधाकट शरीर लाभावे, अशी मागणी मी आमच्या खंडोबाकडे केली आहे आणि आपण आपल्या प्रभूकडे करावी. दादांना अजिबात घाई नाही, एवढे त्यांनी मुद्दाम कळवायला सांगितले आहे.